हल्ली मुक्काम उधना : पाटील

आडनावांच्या मुळाशी : भाग 11

मागच्या आठवड्यात कुलकर्णी झाले. कुलकर्ण्यांची गोष्ट पाटलांवाचून अर्धीच राहते, म्हणून आज पाटील. आणि पाटलांविषयी लिहायला उधन्याइतकं चांगलं ठिकाण मला दुसरं सुचत नाही.

मुंबईकडे जाताना सुरत सोडलं की लगेच उधना येतं. इथूनच खानदेशाचा फाटा फुटतो: बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. पूर्वीची ताप्ती व्हॅली रेल्वे ती हीच. या लाइनीनं आमची माणसं सुरतेला आली आणि लूमवर, डाइंग मिलमध्ये, साडीच्या मार्केटात कामाला लागली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज अशा गल्ल्या आहेत, की डोळे मिटून उभं राहिलं तर पारोळ्याच्या बाजारात असल्यासारखी अहिराणी कानावर येते.

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली लाइटच्या मीटरच्या पेट्या आहेत. त्यांवर गुजराती लिपीत, लाल रंगात नावं लिहिली आहेत. पटेल, पाटील, पाटील, गिरासे, पाटील, महाजन, पटेल. लहानपणी मी ही नावं वाचत जिना चढायचो. प, ट, ल ही तिन्ही व्यंजनं दोन्हीकडे तीच. फरक फक्त काना, मात्रा आणि वेलांटीचा. चौथीतून पाचवीत जाताना माझ्या शाळेच्या दाखल्यावर ‘पटेल’ पडलं. लिहिणाऱ्याला पाटील ही चूक वाटली असेल. त्यानं आपल्या समजुतीनं ती दुरुस्त केली. वडिलांनी मिलमधला अर्ध्या दिवसाचा पगार पाण्यात घालून प्रतिज्ञापत्र करून आणलं. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, “नाव गेलं तर गावाला काय तोंड दाखवू?” शाळेवर तेव्हा मला फार राग आला होता. पुढे वाचायला लागल्यावर कळलं, की लिहिणाऱ्याचा हात ज्या शब्दाकडे वळला तो परका नव्हता. पाटील आणि पटेल हा एकच शब्द आहे.

तो शब्द म्हणजे पट्टकिल. दहाव्या-अकराव्या शतकांतल्या, माळव्याच्या परमार राजांच्या ताम्रपटांत तो येतो. राजा गाव दान देतो तेव्हा तिथल्या रहिवाशांना, पट्टकिलाला आणि इतर जनांना ते कळवतो. पट्ट म्हणजे ज्यावर जमिनीचा लेख उमटतो तो. त्या लेखाशी ज्याचा संबंध, तो पट्टकिल, म्हणजे गावचा मुख्य. माळव्याच्या एका अंगाला गुजरात आणि दुसऱ्या अंगाला सातपुडा ओलांडला की खानदेश. मधला ‘क’ गळून गुजरातीत पटेल झालं, मराठीत आद्य स्वर लांबून पाटील झालं. नवापूरच्या स्टेशनात अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. ते स्टेशन पाहिलं की मला या शब्दाची आठवण होते.

म्हणजे पाटील हे मुळात आडनाव नव्हतंच, तो हुद्दा होता. सारा वसूल करायचा, पडीक जमीन लागवडीला आणायची, तंटे चावडीवर बसून मिटवायचे आणि वरून हुकूम आला की गावाच्या वतीनं उभं राहायचं. लिहिण्याचं काम कुलकर्ण्याचं. या बदल्यात इनाम जमीन आणि मान. पोळ्याला वेशीतून पहिला बैल पाटलाचा, होळीची पहिली पोळी पाटलाची. ही पाटीलकी वतन होती. ती बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत तिच्या तक्षिमा, म्हणजे वाटे, पडत, अडचणीत अर्धी विकलीही जाई.

हुद्दा आणि आडनाव यांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो रांझ्याच्या पाटलाच्या प्रकरणात. शिवाजी महाराजांचं 1646 सालचं पत्र आहे. बदअमल केला म्हणून या पाटलाचे हातपाय तोडण्यात आले. त्याचं नाव बाबाजी भिकाजी गुजर. आडनाव गुजर, काम पाटलाचं. पाटीलकी पुढे गेली ती त्याच्याच गोतातल्या सोनजी बनाजी गुजराकडे. माणूस बदलला, अधिकार भाऊबंदांत राहिला. दिल्लीच्या राजकारणावर पकड बसवणारे महादजी शिंदे स्वतःला पाटीलच म्हणवून घेत. लोक त्यांना पाटीलबावा म्हणत. एवढ्या मोठ्या माणसाला या छोट्या शब्दात कमीपणा वाटला नाही, कारण तो शब्द गावानं दिलेला होता.

मग गावचा एक पाटील आणि गल्लीभर पाटील, हे कसं झालं? एक तर तक्षिमदार. इंग्रजांच्या 1874 च्या वतन कायद्याखाली पाटीलकी भाऊबंदांत पाळीपाळीनं फिरे. ज्याची पाळी नव्हती तोही पाटलाच्याच घरचा. दुसरं म्हणजे शाळा, कचेरी आणि फौज यांच्या नोंदवह्या. तिथं आडनावाचा रकाना भरायचा होता आणि पवार, साळुंखे, मोरे अशी कुळाची नावं असतानाही घरच्यांनी मानाचा शब्द सांगितला. काहींनी दोन्ही ठेवले: मोहिते पाटील, विखे पाटील. मुलकी पाटीलकी 1962 च्या कायद्यानं रद्द झाली. पोलीस पाटील राहिला, तो 1967 च्या कायद्यानं आणि तोही सरकारनं नेमलेला. हुद्दा संपला तेव्हा नाव मात्र लाखो दाखल्यांवर पक्कं बसलेलं होतं.

म्हणून पाटील म्हटल्यावर जात कळत नाही. खानदेशात मराठा पाटील आहेत, लेवा पाटील आहेत, गुजर पाटील आहेत, आणखीही आहेत. कर्नाटकात लिंगायत आणि जैन पाटील आहेत. सोयरीक काढताना पहिला प्रश्न हाच येतो: “पाटील म्हणजे कोणते पाटील? मूळ कूळ कोणतं?” पटेलांचंही तसंच. कणबी शेतकऱ्यांनी हे नाव धरलं, दक्षिण गुजरातेतल्या कोळ्यांत ते आहे, भरूचकडच्या मुसलमानांत आहे, पारशांतही आहे. लेवा पाटलांत तर आपले पूर्वज गुजरातेतून आले असं पिढ्यानपिढ्या सांगतात. तसं असेल तर ती माणसं तापीच्या काठानं एकदा वर गेली आणि त्याच काठानं परत खाली आली.

चौधरी या नावाचीही इथं अशीच गंमत आहे. व्याऱ्याकडचे चौधरी आदिवासी, भुसावळकडचे चौधरी लेवा किंवा तेली. पण त्यावर स्वतंत्र भाग लिहायचा आहे.

खानदेशानं पाटील हे नाव पार दूरवर नेलं. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं. प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातल्या, 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या. शेखावतांच्या घरी दिल्या तरी त्यांचं पाटील राहिलं. सुरतेत सांगायचं तर उधना ज्या नवसारी लोकसभा मतदारसंघात येतं, तिथून 2009 पासून सी. आर. पाटील निवडून येतात. जन्म जळगाव जिल्ह्यातला. 2020 मध्ये ते गुजरात भाजपचे अध्यक्ष झाले. पटेलांच्या राज्यात पक्षाच्या गादीवर एक पाटील बसला, तेव्हा उधन्यात लोकांनी पेढे वाटले ते फक्त पक्षासाठी नव्हते. लिंबायतच्या आमदारही 2012 पासून संगीता पाटील आहेत.

पण इथल्या बहुतेक पाटलांच्या हाती ना इनाम आहे ना चावडी. बारा तासांची पाळी आणि भाड्याची खोली. नाव आता वेगळ्या कामाला लागलंय. लग्नपत्रिकेवर बघा: अमुक पाटील, मु. पो. अमुक, ता. अमळनेर, जि. जळगाव. त्याखाली बारीक अक्षरांत, ह. मु. उधना, सुरत. हल्ली मुक्काम. चाळीस वर्षं झाली, मुलं इथं जन्मली, नातवंडं गुजरातीत भांडतात, तरी मुक्काम हल्लीचाच. गाव सांगणारा एवढा एकच शब्द बरोबर आणला होता, आणि माझ्या वडिलांनी प्रतिज्ञापत्रासाठी पगार बुडवला तो त्याच्यासाठी.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशी देवी कानबाई घरी बसते, तेव्हा कोण कुठला पाटील ते नेमकं कळतं. कानबाईच्या नैवेद्याचा रोट कुळाबाहेर खात नाहीत. त्यासाठी गहू मोजतात ते कुळातल्या पुरुषागणिक, एकेकाची सव्वा मूठ. आमच्याकडे ते काम मोठी काकू करते. दहा बाय बाराच्या खोलीत, सुपापुढे बसून ती नावं घेत जाते आणि मूठ सुपात सोडते. गावाकडचे आप्पा, नाना, जिभाऊ. मग इथले, डिंडोलीचे, पांडेसऱ्याचे. जिन्यात राहणाऱ्या दुसऱ्या दोन पाटलांची नावं ती घेत नाही. त्यांच्या खोलीत त्यांचा रोट चाललेला असतो. गेल्या श्रावणात माझ्या पुतण्याला मुलगा झाला होता, अजून बारसंही नव्हतं झालं. काकू क्षणभर थांबली, “याचं नाव काय घेऊ?” म्हणाली आणि “धाकला पाटील” म्हणून सव्वा मूठ गहू सुपात टाकले.

(पुढच्या आठवड्यात : महाजन)