आधी पोच, मग याचिका

2013 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना एक पत्र आलं. विषय होता शहरातल्या रस्त्यांवरचे खड्डे. लिहिणारे त्याच न्यायालयात न्यायदानाला बसत होते: न्यायमूर्ती गौतम पटेल. न्यायालयाने त्या पत्राचीच जनहित याचिका केली. सरकारला आणि पालिकांना उत्तरं द्यावी लागली, आदेशांवर आदेश निघाले. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायालयाने ठरवून दिलं, की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर वारसांना 6 लाख रुपये आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई मिळावी. मधे बारा वर्षं गेली. पत्र लिहिणारे न्यायमूर्ती 2024 मध्ये निवृत्तही झाले होते.

सोसायटीच्या बैठकीत वातावरण तापलं, की कुणीतरी म्हणतंच, ‘पीआयएल टाकू या!’ पीआयएल म्हणजे जनहित याचिका. ती टाकता येते, यात शंका नाही. पण ती काय आहे आणि तिच्याआधी काय करावं लागतं, हे बैठकीत क्वचितच कुणी सांगतं.

दुसऱ्यासाठी दाद

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. कोर्टाचा जुना नियमही तसाच होता: ज्याच्या हक्काला धक्का लागला, त्यानेच दाद मागायची. पण ज्याचं जळतंय तो तुरुंगात असेल, वेठबिगार असेल, त्याला वकील म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर?

बिहारच्या तुरुंगांत खटला सुरू होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षं पडून असलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल वर्तमानपत्रात लेख आले. काहींनी तर आरोप सिद्ध झाला असता तरी मिळाली नसती इतकी कैद आधीच भोगली होती. त्या लेखांच्या आधारे कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनआरा खातून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात 1979 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की खटला लवकर चालणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे. डिसेंबर 1981 मध्ये एस. पी. गुप्ता खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दार आणखी उघडलं. गरिबीमुळे किंवा असहायतेमुळे कोर्टापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी कुणीही सद्हेतूने दाद मागू शकतो, हे तेव्हा पक्कं झालं.

महाराष्ट्राला त्याचा प्रत्यय लवकरच आला. पत्रकार शीला बारसे मुंबईच्या तुरुंगातल्या 15 महिला कैद्यांशी बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन अहवाल द्यायला सांगितलं. फेब्रुवारी 1983 मध्ये निकाल आला: महिलांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा, चौकशीच्या वेळी महिला पोलीस हजर. आज हे साधं वाटतं, पण त्यासाठी कुणाला तरी तुरुंगात जाऊन पंधरा जणींचं ऐकून घ्यावं लागलं होतं.

कशाची होते, कशाची नाही

जनहित याचिका उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली आणि सर्वोच्च न्यायालयात कलम 32 खाली दाखल होते. कलम 32 मूलभूत हक्कांपुरतं आहे. 226चा आवाका मोठा, इतर कायदेशीर हक्कांसाठीही तिथे जाता येतं. म्हणून स्थानिक प्रश्नांची पहिली पायरी बहुधा उच्च न्यायालयच. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाची खंडपीठं नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात आहेत. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच बसतं.

पत्रालाच याचिका मानण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये मार्गदर्शक यादी केली. वेठबिगारी, बालकांची उपेक्षा, किमान वेतन न मिळणं, तुरुंगातल्या तक्रारी, स्त्रियांवरचे आणि अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार, प्रदूषण असे विषय तिच्यात आहेत. घरमालक-भाडेकरूंची भांडणं, नोकरीतल्या बढत्या-बदल्या, कॉलेजप्रवेश यांना त्या यादीत जागा नाही. त्यांच्यासाठी वेगळे रस्ते आहेत. पर्यावरणाच्या अनेक तक्रारींसाठी तर राष्ट्रीय हरित लवादाचं पीठ पुण्यातच आहे.

न्यायालय नवा कायदा करत नाही. असलेला कायदा पाळायला लावणं, हे त्याचं मुख्य काम. शनिशिंगणापूरच्या शनिमंदिराचा, स्त्रियांना बंद असलेला चौथरा आठवा. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी 2016 मध्ये उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा त्यांच्या हातात 1956 सालचा राज्याचाच कायदा होता. हिंदू प्रार्थनास्थळांत प्रवेश नाकारणं त्या कायद्याने गुन्हा ठरवलं होतं. त्याची अंमलबजावणी करू, असं सरकारला न्यायालयात सांगावं लागलं. एप्रिल 2016 मध्ये चौथरा स्त्रियांना खुला झाला. साठ वर्षं कायदा कपाटात पडून होता, याचिकेने तो बाहेर काढला.

म्हणून पहिला प्रश्न ‘अन्याय झालाय का?’ एवढाच नाही. कोणत्या कायद्याने, कोणत्या अधिकाऱ्यावर, कोणतं काम सोपवलं होतं आणि ते त्याने केलं नाही, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल, तर याचिका अजून कच्ची आहे.

फाईल कशी उभी राहते

सुरुवात लेखी तक्रारीपासून होते. ग्रामपंचायत असो की महापालिका, अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक आवक खिडकीवर द्यायची, दुसरीवर तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. हीच पोच. फोनवर झालेलं बोलणं आणि साहेबांनी तोंडी दिलेलं आश्वासन फाईलला लावता येत नाही, पोच लावता येते. उत्तर आलं नाही, तर स्मरणपत्र द्यायचं आणि त्याचीही पोच घ्यायची.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला अर्ज, एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांत, असे आपल्या राज्याचे नियम आहेत. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही, तर पहिलं अपील आणि त्यापुढे राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. ‘रस्ता खराब का?’ असं विचारू नये. कामाचा आदेश, ठेकेदाराचं बिल, तपासणीचा अहवाल, दोषदायित्वाचा कालावधी (काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत) दाखवणारा कागद यांच्या प्रती मागाव्यात. उत्तरातलं कार्यालयाचंच कागदपत्र पुढे सर्वांत मोठा साक्षीदार ठरतं.

हे सगळं जमल्यावर वकिलामार्फत नोटीस आणि नंतर याचिका. तिच्यात असतात घटनाक्रम, मोडलेला कायदा, केलेल्या तक्रारी, मागण्या, प्रतिज्ञापत्र आणि जोडपत्रं. मागण्या नेमक्या हव्यात. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ यातून काहीच निघत नाही. ‘अमुक कायद्याखालची समिती इतक्या आठवड्यांत नेमावी’ यातून आदेश निघू शकतो. उच्च न्यायालयाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी, त्यामुळे मराठी कागदांची भाषांतरं करून घ्यायची तयारी ठेवावी.

वकील न लावता स्वतः उभं राहता येतं. मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या 2015 च्या नियमांप्रमाणे आधी एका समितीपुढे जावं लागतं. आपण न्यायालयाला नीट मदत करू शकतो, हे तिथे पटवून द्यायचं. स्त्रिया, मुलं, दिव्यांग, कोठडीतल्या व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

दाखल झाल्यावर

प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत येतं, नोटिसा जातात, सरकार प्रतिज्ञापत्रावर उत्तर देतं, याचिकाकर्ता प्रत्युत्तर. गुंतागुंतीच्या विषयात न्यायालय एखाद्या वकिलाला न्यायमित्र नेमतं, कधी तज्ज्ञांची समिती. अंतरिम आदेशात बरंच बळ असतं. 2016 च्या दुष्काळात मैदानांवरच्या पाण्यावरून लोकसत्ता मूव्हमेंटने याचिका केली, तेव्हा 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला उच्च न्यायालयाने सांगितलं.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. एकदा दाखल झालेली जनहित याचिका पूर्णपणे तुमची उरत नाही. तुरुंगातल्या मुलांबद्दलची आपली याचिका मागे घेण्याची परवानगी शीला बारसे यांनी मागितली, ती सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये नाकारली आणि प्रकरण त्यांच्याशिवाय पुढे चालवलं. प्रश्न मुलांचा होता, याचिकाकर्तीचा नव्हता.

जिंकणंही नेहमी सरळ नसतं. मुंबईच्या फुटपाथवासीयांसाठी पत्रकार ओल्गा टेलिस न्यायालयात गेल्या. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. हे तत्त्व आजही देशभर सांगितलं जातं. पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. हटवण्याची कारवाई तेवढी पावसाळ्यानंतर ढकलली गेली.

उलटणारी याचिका

दार मोठं झालं, तशी नको ती गर्दीही आत आली. प्रतिस्पर्ध्याचं बांधकाम अडवायला, राजकीय हिशेब चुकते करायला, पेपरात फोटो यावा म्हणूनही याचिका होऊ लागल्या. 2010 मध्ये बलवंतसिंग चौफाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की याचिकाकर्ता कोण आहे, त्याचा हेतू काय, मजकुरात तथ्य किती, हे आधी तपासा. उच्च न्यायालयांनी त्यासाठी नियम करावेत. मुंबई उच्च न्यायालयाचे 2010 चे जनहित याचिका नियम तिथूनच आले. हेतूबद्दल शंका आली, तर न्यायालय आधी पैसे जमा करायला सांगू शकतं आणि याचिका खोडसाळ ठरली, तर दंडही ठोठावतं. म्हणून त्या जागेशी, ठेक्याशी किंवा उमेदवाराशी आपला काही संबंध असेल, तर तो पहिल्याच पानावर स्वतः सांगून टाकावा. समोरच्याने शोधून काढला, की प्रश्न खरा असूनही याचिका जाते.

खड्ड्यांबद्दलचं ते पत्र न्यायमूर्तींनी लिहिलं होतं, त्यामुळे ते थेट मुख्य न्यायमूर्तींच्या टेबलावर गेलं. आपल्या पत्राला तशी वाट मिळेलच असं नाही. आपल्याकडे असतो तो आवक खिडकीवरचा तारखेचा शिक्का. पुढच्या बैठकीत कुणी ‘पीआयएल टाकू या’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: पोच कुठे आहे?