पुस्तकं झिजू द्या

गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधले लक्ष्मीराम मास्तर चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करायची परवानगी मागून घेतात. सुरुवातीच्या दिवसांतच ते मुलांना गोष्टी सांगू लागतात. मुलांना त्यांची गोडी लागली, की ते एक तोडगा सुचवतात. प्रत्येकाने क्रमिक पुस्तकांवर खर्च करायचे पैसे एकत्र करायचे आणि त्यातून सगळ्या वर्गासाठी गोष्टींची पुस्तकं आणायची. एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती घेण्यापेक्षा चाळीस वेगवेगळी पुस्तकं घेतली, तर प्रत्येक मुलाला चाळीस पुस्तकं वाचायला मिळतील, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

हे पुस्तक 1930 च्या दशकाच्या आरंभी गुजरातीत आलं. कथा कल्पित असली, तरी तिच्यामागे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतल्या बालमंदिराचा खराखुरा अनुभव होता. त्याच बालमंदिरात गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. म्हणजे लहान मुलांना आनंदाने वाचू द्यावं, हा विचार आपल्याकडे काल-परवा आलेला नाही. आपल्याच मातीत तो शंभरेक वर्षं रुजलेला आहे. तरीही आज पहिली ते पाचवीच्या कित्येक शाळांमध्ये गोष्टीची पुस्तकं असूनही मुलांच्या हाती पडत नाहीत. असं का होतं आणि जिथे ती हाती पडतात तिथे काय घडतं, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

बडोद्याची लाकडी पेटी

पुस्तकाने वाचकापर्यंत चालत जायचं असतं, हे आपल्याकडे राज्यकारभाराच्या पातळीवर सर्वांत आधी ओळखलं ते सयाजीराव गायकवाडांनी. बडोदा संस्थानात 1906 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू झालं. पण शाळेत शिकलेलं अक्षर वापरात राहिलं नाही तर पुसलं जातं, हे महाराजांना दिसत होतं. म्हणून 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. बॉर्डन 1913 पर्यंत तिथे होते. त्या काळात मध्यवर्ती ग्रंथालय आकाराला आलं आणि त्यात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. जिथे ग्रंथालय नाही अशा गावांकडे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या रवाना होऊ लागल्या. गावात वाचनालय काढायचं तर एक वाटा गावकऱ्यांनी, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने उचलायचा, अशी योजना होती. 1912 पासून निघालेलं 'लायब्ररी मिसेलनी' हे संस्थानचं ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत छापलं जाई.

या योजनेत शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. पेटीतलं पुस्तक फिरणार, हाताळलं जाणार, जुनं होणार, हे त्यात गृहीतच धरलेलं होतं. पेटी फिरत राहिली तरच तिचा उपयोग. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रमही पेटीच्याच वाटेने वाचकांपर्यंत पोचला, हा काही योगायोग नाही.

कायदा झाला, कपाट आलं

स्वातंत्र्यानंतर सरकारने प्राथमिक शाळांना पुस्तकं दिलीच नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. 1987 नंतरच्या खडू-फळा मोहिमेत वर्गखोल्या आणि शैक्षणिक साहित्याबरोबर वाचनालयासाठीची पुस्तकंही होती. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. प्रत्येक शाळेत वाचनालय असावं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांवरची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकंही असावीत, असं त्याच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटलं आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वाचनालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. एनसीईआरटीने 2008 मध्ये 'बरखा' ही पुस्तकमाला काढली. पाच विषयसूत्रं, चार पायऱ्या आणि एकूण 40 छोटी गोष्टीची पुस्तकं, अशी तिची रचना.

मग पुस्तकं अडतात कुठे? अडतात ती नोंदवहीत. शाळेत आलेलं पुस्तक साठा नोंदवहीत चढतं आणि त्या क्षणापासून ते टेबल, खुर्ची, घंटा यांच्या पंगतीला जाऊन बसतं. मुख्याध्यापकांची बदली झाली, की 'चार्ज' देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. चार पुस्तकं कमी भरली तर जबाब द्यायचा, प्रसंगी पैसे भरायचे, ही भीती मनात असते. द्विशिक्षकी शाळेतल्या ज्या शिक्षकांच्या अंगावर चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं काम असतं, त्यांनी कपाटाला कुलूप लावलं तर दोष त्यांच्या आळसाला देता येत नाही. नियमच पुस्तकाला जपायला सांगतो, वाचायला देणं मात्र शिक्षकाच्या धाडसावर सोडतो.

दुसरी अडचण माणसाची. मोठ्या माध्यमिक शाळेला ग्रंथपालाचं पद मिळू शकतं, प्राथमिक शाळेला ते नसतंच. वाचायचं वय सुरू होतं तिथेच ग्रंथपाल नाही. तिसरी अडचण निवडीची. बाहेरून आलेल्या संचात थोरांची चरित्रं आणि बोधकथा पुष्कळ असतात, पण नुकतंच अक्षर लावू लागलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला पेलतील अशी, पानावर एक-दोन ओळी आणि भरपूर चित्रं असलेली पुस्तकं थोडी निघतात.

दोरीवर टांगलेलं वाचनालय

जिथे हे काम मनावर घेतलं जातं, तिथे पहिला बदल दिसतो तो मांडणीत. लहान मुलांची बहुतेक पुस्तकं सोळा किंवा चोवीस पानांची, मध्ये पिना मारलेली असतात. त्यांना कणा नसतो. कपाटात उभी लावली की ती दिसेनाशी होतात. म्हणून ती मुखपृष्ठ समोर ठेवून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडावी लागतात. यासाठी महागडं फर्निचर लागत नाही. भिंतीला दोन खिळे ठोकून, सुतळी बांधून तिच्यावर तोरणासारखी पुस्तकं अडकवली की झालं. अनेक वर्गांमध्ये असं दोरीवरचं वाचनालय किंवा सतरंजी अंथरलेला वाचनकोपरा असतो.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या पुस्तकांवर चार पातळ्या छापलेल्या असतात. पहिल्या पातळीत साधारण 250 शब्दांपर्यंतचा मजकूर, दुसरीत 600 पर्यंत, तिसरीत 1,500 पर्यंत आणि चौथीत त्याहून अधिक. शिक्षकाला त्यावरून अंदाज बांधता येतो, पण पातळी म्हणजे मुलावर घातलेली बंदी होऊ नये. तिसरीतल्या मुलीला पहिल्या पातळीचं पुस्तक दहाव्यांदा वाचायचं असेल तर वाचू द्यावं. पुन्हा पुन्हा वाचण्यानेच वाचनाला वेग येतो.

तिसरी गोष्ट देवघेवीची. शालेय मंत्रिमंडळात ग्रंथमंत्री नेमून नोंदवही त्याच्याच हाती दिली, तर शिक्षकाचं ओझं उतरतं आणि वाचनालय मुलांचं होतं. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, एवढे चार रकाने पुरतात. पुस्तक घरी गेलं की ते एकट्याचं राहत नाही. धाकटं भावंड चित्रं बघतं, आजी गोष्ट ऐकते, शाळेची पायरी न चढलेली आई मुलाच्या बोटामागे नजर फिरवते. ज्या घरात क्रमिक पुस्तकाशिवाय छापील कागद नाही, तिथे शाळेतून आलेलं पुस्तक हेच त्या घराचं वाचनालय.

तात्पर्य न विचारता

वाचनालयाच्या तासाला शिक्षकाने काय करायचं? गोष्ट वाचून दाखवायची. हे काम वरवर सोपं दिसतं, पण त्याला तयारी लागते. गोष्ट आधी स्वतः मोठ्याने वाचून बघायची, आवाज कुठे खाली आणायचा ते ठरवायचं. मुलांना जवळ, अर्धगोलात बसवायचं. मुखपृष्ठ दाखवून आत काय असेल ते विचारायचं. मजकुरावरून बोट फिरवत वाचायचं, म्हणजे बोललेला शब्द आणि छापलेला शब्द यांचं नातं मुलांना उमगतं. मध्येच थांबून 'आता काय होईल?' असं विचारायचं आणि आलेली सगळी उत्तरं ऐकून घ्यायची. न्यूझीलंडच्या डॉन होल्डवे यांनी मोठ्या आकाराची पुस्तकं वापरून केलेल्या अशा सहवाचनाची पद्धत 1979 मध्ये पुस्तकरूपाने मांडली.

आणि शेवटी तात्पर्य विचारायचं नाही. आपल्याकडे गोष्ट संपली की बोध काढायची सवय फार जुनी. पण बोधावर नजर ठेवून ऐकलेली गोष्ट मुलाला धड्यासारखी वाटू लागते. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' किंवा 'यश'ची पुस्तकं मुलांना जवळची वाटतात, कारण त्यांत घर, कंटाळा, मोडलेला हात, पाहुणे असं त्यांचं स्वतःचं जग उपदेशाविना उतरलेलं असतं. 2014 मध्ये पुरंदरे यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. 2016 मध्ये टाटा ट्रस्टच्या 'पराग'ने 'बिग लिटल बुक' पुरस्काराने त्यांचा गौरव केला. मराठीत असं लेखन आहे. ते शाळेच्या दोरीपर्यंत पोचवायचं आहे.

फिजी बेटांवरचा प्रयोग

गोष्टीची पुस्तकं वाचण्यात अभ्यास बुडतो, अशी धास्ती पालकांना वाटते, काही शिक्षकांनाही. तिला चोख उत्तर देणारा प्रयोग 1980 च्या दशकाच्या आरंभी फिजीच्या ग्रामीण शाळांत झाला. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी आठ शाळांमधल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे 250 चित्रमय गोष्टीची पुस्तकं दिली. काही वर्गांत शिक्षकांनी मुलांबरोबर सहवाचन केलं, काहींत मुलांनी रोज ठरावीक वेळ मनातल्या मनात वाचन केलं. तुलनेसाठी निवडलेल्या इतर शाळांत नेहमीचं शिकवणं चालू राहिलं. 1983 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुस्तकं मिळालेल्या मुलांची इंग्रजी वाचण्यातली आणि ऐकून समजण्यातली प्रगती नेहमीच्या दुपटीने झाली होती. दुसऱ्या वर्षी तिचा परिणाम लेखनासारख्या इतर कौशल्यांवरही दिसला. इंग्रजी ही त्या मुलांची घरची भाषा नव्हती, हे इथे महत्त्वाचं. घरी वारली, कातकरी, कोरकू, पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या आपल्या मुलांना शाळेतली मराठी जवळजवळ तशीच परकी असते.

याची निकड आकडे सांगतात. 'प्रथम'च्या पुढाकाराने निघणाऱ्या 'असर' अहवालानुसार, देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होतं. कोविडच्या टाळेबंदीनंतर, 2022 मध्ये, ते 20.5 टक्क्यांवर घसरलं. सरकारी शाळांपुरतं पाहिलं, तर 2022 चे 16.3 टक्के 2024 मध्ये 23.4 वर आले. चढ आहे, पण चारातली तीन मुलं अजून मागेच आहेत.

महाराष्ट्रातल्या वाटा

आपल्या राज्यात यासाठी झालेलं काम कमी नाही. बालभारतीने 1971 मध्ये सुरू केलेलं 'किशोर' मासिक आजही निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. 2015 पासून डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, 15 ऑक्टोबर, 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. त्याच वर्षी प्रथम बुक्सने 'स्टोरीवीव्हर' हा मंच खुला केला. तिथली पुस्तकं कुणालाही उतरवून घेता येतात, छापता येतात, आपल्या बोलीत आणता येतात. कोविडमध्ये शाळा बंद असताना, 2020 मध्ये सुरू झालेल्या 'गोष्टींचा शनिवार'ने मोबाइलवरून दर आठवड्याला मुलांपर्यंत गोष्टी पोचवल्या. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' संस्था 2007 पासून काम करते आहे. तिच्या 'गोष्टरंग' उपक्रमात तरुण कलाकार बालपुस्तकांतल्या गोष्टी आदिवासी भागातल्या शाळांमध्ये रंगमंचीय रूपात सादर करतात. डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट नंतर छापील पानावर भेटली, की मूल त्या पानाला भीत नाही. आणि फलटणच्या कमला निंबकर बालभवनात डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी 1986 पासून, मुलाची घरची बोली दूर न लोटता त्याला वाचतं करता येतं, हे दाखवून दिलं.

या सगळ्या कामांत समान धागा एकच. वाचन वर्षातून एकदा साजरं करून भागत नाही. ते रोजच्या वेळापत्रकात बसावं लागतं.

चार मागण्या

म्हणून चार गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, प्राथमिक शाळेतली गोष्टीची पुस्तकं खडूसारखी वापरून संपणारी वस्तू म्हणून नोंदवावीत. वर्षाला ठरावीक टक्के पुस्तकं फाटली किंवा हरवली तर विचारणा होणार नाही, असा स्पष्ट आदेश निघावा. त्याला तिजोरीतून काही लागत नाही. दुसरी, रोज किमान वीस मिनिटं वाचनाची असावीत आणि त्या वेळी शिक्षकानेही पुस्तक हाती घ्यावं. तिसरी, अनुदानातून पुस्तकं निवडायचा अधिकार शाळेला आणि शिक्षकांना मिळावा आणि चांगली बालपुस्तकं ओळखायचं प्रशिक्षण त्यांना द्यावं. चौथी, प्रत्येक शाळेला नाही तर निदान प्रत्येक केंद्राला एक बालग्रंथपाल असावा. केंद्रातल्या दहा-पंधरा शाळांत पेटी फिरवणं, वाचून दाखवणं, नवी पुस्तकं आणणं हे त्याचं काम. दिवाळीनंतर जी मुलं ऊसतोडीला आईबापांबरोबर जातात, त्यांच्या सामानात चार पुस्तकं जातील आणि कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, वाचली जातील, हेही त्यानेच पाहावं. ती सगळी परत आली नाहीत, तरी तो खर्च वाया गेला असं मी मानणार नाही.

शाळा तपासायला येणारे अधिकारी 'पुस्तकं किती?' हा प्रश्न विचारतात. यापुढे त्यांनी दोरीवरचं कुठलंही एक पुस्तक उचलावं आणि वर्गाला विचारावं, हे शेवटचं घरी कोणी नेलं होतं, आणि त्यात काय होतं? वर्गातून चार हात वर आले, तर त्या शाळेत वाचनालय आहे. एकही हात वर आला नाही, तर नोंदवहीत पाचशे पुस्तकं असली तरी तिथे वाचनालय अजून उघडायचंच आहे, असं समजून कामाला लागावं.