जकात : दान की हक्क?

जकात म्हटले की रत्नागिरीकरांस नाक्यावरची जुनी जकात आठवते. शब्द मूळचा तोच. परंतु मुसलमानांची जकात हा मालावरचा कर नव्हे, ते धर्माने लावून दिलेले देणे आहे. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी यांच्या किमतीइतकी शिल्लक वर्षभर राहिली, तर तिच्यातून शेकडा अडीच द्यावे, हा ढोबळ नियम. घेण्यास पात्र असे आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. त्यांत गरीब व कर्जबाजारी आहेत, तसेच जकात गोळा करणारे सेवकही आहेत. म्हणजे वसुली एकत्र व्हावी ही कल्पना मुळातलीच होय.

पुढे खलिफा उस्मान यांच्या काळी घरातल्या पैशाअडक्याची जकात ज्याची त्याने द्यावी, अशी मोकळीक मिळाली. आपल्याकडे तर ती वसूल करणारे सरकारी खातेच नाही. मग रमजानात दाराशी रांग लागते आणि प्रत्येकाच्या हाती चार नाणी पडतात. त्या दिवसाची भूक भागते. गरिबी तशीच राहते.

विसाव्या शतकात शास्त्रीमंडळींनी यावर नव्याने विचार केला. यूसुफ अल्-करदावी यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात पगारावरही जकात बसते, असे प्रतिपादले. १९८६ साली आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने जकातीचा पैसा उद्योगात घालण्यास तत्त्वतः संमती दिली. मात्र तातडीच्या गरजा आधी भागवाव्यात, ही अट घातली. हनफी पंडितांची हरकतही विचारात घेण्याजोगी आहे : पैसा गरिबाच्या मालकीचा झाला पाहिजे, इस्पितळ बांधल्याने तो मालक होत नाही.

कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मताचे. त्याच मताचे इमाम नववी (मृत्यू १२७७) लिहून गेले की, कारागिराला त्याच्या धंद्याची हत्यारे घेता येतील इतके द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे. मिरकरवाड्याच्या खलाशाला जाळे, शिवणकाम करणाऱ्या विधवेला यंत्र! यात मालकीही गरिबाचीच राहते.

पण त्यासाठी पैसा एकत्र हवा, आणि तिथेच खरी मेख आहे. वर्गणी गोळा करणे सोपे, हिशेब देणे कठीण, हे आम्ही युनियनवाले चांगले जाणतो. कुराण जकातीला गरिबाचा हक्क मानते. हक्क असेल, तर घेणाऱ्याला समितीत जागा हवी आणि हिशेब विचारण्याची मुभाही हवी.