बहात्तरशेच्या वेगानं मंद

नोव्हेंबर हा निवृत्तांच्या हजेरीचा महिना. पेन्शन चालू राहायची तर आपण हयात आहोत हे दरवर्षी कळवावं लागतं, आणि २०१४ पासून ते यंत्रावर बोट टेकवून कळवता येतं. जबलपुरात निवृत्तांना तोटा नाही. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे, हायकोर्ट: इथल्या मराठी घरांत यांपैकी एकाचं तरी नाव निघतंच. माझ्या मावशीला काकांमागे फॅमिली पेन्शन मिळते. तिला घेऊन ग्वारीघाटाच्या एका दुकानात गेलो होतो. पुढच्या बाजूला नारळ, कापूर, वाती, नर्मदेचं पाणी न्यायचे प्लास्टिकचे डबे. मागे टेबलावर संगणक, प्रिंटर आणि ठसा घेणारं यंत्र.

मावशीच्या मोबाइलवर ओटीपी आला. तो भरायची चौकट पडद्यावर उमटेपर्यंत त्याची मुदत संपली. पुन्हा मागवला, पुन्हा तेच. आमच्या मागे बसलेल्या एक आजीबाई कंटाळून म्हणाल्या, "अरी बिटिया, सामने तो बैठी हूँ." दुकान चालवणाऱ्या मुलीनं हात जोडले आणि दुपारी सर मशीन बघायला येणार आहेत, असं सांगितलं. मावशीला घरी सोडून मी परत गेलो. जिवंत माणसाला जिवंत ठरायला इतका वेळ का लागतो, ते मला बघायचं होतं.

सर म्हणजे पन्नाशीचे गृहस्थ. पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे, ते 'सर' तसंच राहिलं. मूळ घर बालाघाटकडचं. वडील गोंदियाच्या छोट्या गाडीनं, ग्वारीघाटावरूनच, नोकरीला जबलपुरात आले. आता ती नॅरोगेज नाही, ब्रॉडगेज आहे. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी वळणाचं मराठी.

आल्या आल्या त्यांनी पेचकस काढला नाही, हे मला आवडलं. आधी मुलीला विचारत बसले. कधीपासून होऊन राहिलं? चालू करतानाच, की दिवसभर? नेट लावल्यावर, की साधी फाइल उघडतानाही? मग मशीन बंद करून पुन्हा चालू केली आणि मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. पडदा आला, पण त्यावरचं काही हलेना. चहा आला, पिऊन झाला. तेव्हा कुठे एक खिडकी उघडली.

"याला आधी दोनदा फॉरमॅट मारला," मुलगी म्हणाली. दुसऱ्या कुणाकडून, दर खेपेला पाचशे रुपये देऊन. पंधरा-वीस दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच.

या फॉरमॅट प्रकाराबद्दल माझं मत आधीच वाईट होतं, त्या दुपारी ते पक्कं झालं. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली की मागे साचलेली गर्दी जाते, म्हणून यंत्र काही दिवस धावतं. पण दुखणं काय होतं हे कुणी बघितलेलंच नसतं. शिवाय गिऱ्हाइकाच्या फाइली जातात त्या जातातच.

सरांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर दहा टक्क्यांच्या आसपास, मेमरी नव्वदच्या पुढे, आणि डिस्कचा रकाना लालभडक: शंभर टक्के. त्याच डिस्कचा वाचण्याचा वेग मात्र सेकंदाला एक-दीड एमबी. मी विचारलं, शंभर टक्के कामात आहे, तर इतकं कमी कसं?

"बहात्तरशे," सर म्हणाले, जणू तेवढ्यात सगळं आलं.

आणि आलंच होतं. जुन्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद लागतात. त्या टोकाला योग्य रेघेवर सरकायला आणखी आठ-नऊ. हिशेब केला तर सेकंदात पंचाहत्तर-ऐंशी ठिकाणं गाठून होतात. एकच मोठा सिनेमा सलग वाचायचा असेल तर ही डिस्क सेकंदाला शंभर एमबीही देते. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक तुकडे इकडून तिकडून मागते, आणि डिस्कचा सगळा वेळ त्या जागांवर पोचण्यात जातो. टास्क मॅनेजरमधले शंभर टक्के हे या गुंतलेल्या वेळाचे असतात, वाहून आणलेल्या मालाचे नव्हेत.

बहात्तरशेची पहिली डिस्क सीगेट कंपनीनं १९९२ साली बाजारात आणली. तिच्यात दोन जीबीपेक्षा थोडंसंच जास्त मावायचं. पुढे घरगुती डिस्कमध्ये त्याच्या हजारपट मावू लागलं, पण फेरे तेवढेच राहिले. सरांचा राग आहे तो यावर. "दुकानवाले पाचशे जीबी, एक टीबी असं सांगून विकत राहिले. आत बहात्तरशे आहे हे कुणी सांगितलं का?"

मेमरी चार जीबी. ब्राउझरच्या सात-आठ टॅबमध्ये ती भरते, मग विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवते, आणि आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कवर तेही ओझं पडतं. सुरुवातीलाच चालू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली तर त्यात दोन अँटिव्हायरस, संगणक 'वेगवान' करून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर आणि फोटो लहान करणारी चार. मुलगी ओशाळली. तिची चूक मला दिसत नाही. एका अर्जाला फोटो पन्नास केबीच्या आत हवा, दुसऱ्याला सही वीसच्या आत. समोर रांग उभी. जे सापडेल ते ती उतरवणारच. सरांनी एक-एक काढून टाकलं, वेगवान करणारं सगळ्यात आधी.

मग डिस्कची प्रकृती. डिस्क स्वतःच्या तक्रारींची नोंद ठेवते, ती वाचायची साधनं मिळतात. काही जागा वाचायला नकार देत होत्या. अशा डिस्कवर डिफ्रॅग वगैरे चालवणं म्हणजे तिला आणखी झिजवणं. आधी नक्कल करून घ्यायची. फॉरमॅटवाल्यानं हे एकदा पाहिलं असतं तरी हजार रुपये वाचले असते.

संगणकाचा डबा उघडला तो दुकानाबाहेर नेऊन. पंखा गरगरू नये म्हणून सरांनी त्याच्या पात्यात बोट धरलं आणि ब्लोअर मारला. धूळ उडाली, पण निम्मीच. उरलेली चिकटून बसली होती, काळी आणि तेलकट. पाठोपाठ वास आला: कापूर, धूप, जळालेली वात. संध्याकाळच्या आरतीचा धूर रोज या डब्यात शिरत होता, पंखा तो ओढत होता आणि प्रोसेसरवरच्या पत्र्यांमध्ये थापत होता. सर ब्रशनं खरवडत होते. मी बाजूला उभा होतो, आणि देवळात यावा तसा वास एका पत्र्याच्या डब्यातून येत होता. घरी आल्यावर शर्टालाही तो होता. संगणकाच्या दुरुस्तीबद्दल पुढे कुणी काही बोललं की मला तो वास आठवतो, स्क्रू आणि वायरी नव्हे.

"याच्यानं स्लो नव्हता," सरांनी स्पष्ट सांगितलं. "पण उन्हाळ्यात झाला असता." प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, जळू नये म्हणून. जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि जोडीला जुन्या बाजारातली चार जीबीची आणखी एक पट्टी बसवली. बोर्डावरचा तीन व्होल्टचा बटण-सेलही बदलला. तो मेला की यंत्राची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतात. मग नेटवाल्याला शिव्या बसतात.

सर्वांत महत्त्वाचं काम सगळ्यात कंटाळवाणं निघालं. नवी एसएसडी जोडून जुन्या डिस्कची नक्कल करायला लावली. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती सेकंदाला हजारो ठिकाणं सहज गाठते. टक्के सावकाश सरकत होते, खराब जागांपाशी अडत होते. तोवर सर घाटावर जाऊन आले.

नंतर बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात यंत्र कामाला तयार. मुलीनं पुन्हा बंद करून पुन्हा चालू करून पाहिलं.

खर्च तीन हजारांच्या आत, सरांची मजुरी धरून. तिच्या भावानं नव्या संगणकाचा आकडा आणला होता तो तीस हजारांचा. नवं घेणं चूकच असं सर म्हणाले नाहीत. विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत, आणि सामान्य ग्राहकांसाठी जाहीर झालेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. हा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. लिनक्स टाकावं तर दुकानातलं ठसा घेणारं यंत्र त्यावर चालत नाही. म्हणजे एक वर्षाची सवड मिळाली, तेवढ्यात पैसे साठवायचे. फॉरमॅट मारून पाचशे घेण्यापेक्षा हे सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटलं.

मावशीचा अंगठा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच खेपेला लागला.

काढलेली डिस्क सरांनी पिशवीत टाकली नाही, मुलीच्या हातात दिली आणि भंगारवाल्याला देऊ नको म्हणून दोनदा बजावलं. तिच्यात शेकडो माणसांची आधार कार्डं आणि बँकेची पासबुकं स्कॅन होऊन पडली होती. तुमच्या संगणकाची डिस्क कुणी बदलून दिली, तर जुनी मागून घ्या, आणि टाकायचीच झाली तर आधी तबकडीला भोक पाडून मग टाका.