कॅसेट डेकची दुरुस्ती: आधी पट्टा, मग कोन, मग आवाज

आजचा भाग थोडा हात काळे करणारा आहे. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. पेन्सिल तर लागणारच आहे, कॅसेट फिरवायला.

कुवेतमधल्या मराठी घरांत माळ्यावर एखादा बिस्किटांचा पत्र्याचा डबा हमखास सापडतो आणि त्यात कॅसेटा असतात. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या शास्त्रीय गायनाच्या असतील, एचएमव्हीच्या असतील, त्या आज ना उद्या दुसरीकडे मिळतील. पण त्यातच एखादी बिनछापाची असते, वर बॉलपेननं फक्त 'आई – गणपती' किंवा 'अब्बा, महाड' एवढंच लिहिलेलं. ट्रंक कॉल परवडत नव्हता आणि पत्र लिहिता येत नव्हतं, तेव्हा रत्नागिरी-रायगडातून इकडे येणाऱ्या माणसाच्या हाती अशा बोलक्या चिठ्ठ्या यायच्या. तो आवाज जगात फक्त त्या फितीवर आहे. आजची सगळी खटपट तेवढ्यासाठी.

म्हणून पहिला नियम: ती कॅसेट सगळ्यात शेवटी लावायची. जुना डेक मिळाला, वीज दिली, दिवे लागले, की आपला हात शिवशिवतो. माझाही शिवशिवला होता. डेकच्या रबरी रोलरवर चिकट थर होता, तो मी पाहिलाच नाही. फीत रोलरभोवती गुंडाळली गेली आणि हातभर फितीची चुणी झाली. आमची आजी आता एक वाक्य अर्धंच बोलते. तेव्हापासून आधी दहा रुपयांची नावडती कॅसेट, मग बाकी सगळं.

डेक कुठून आणायचा? अल-राईच्या फ्रायडे मार्केटमध्ये चिकाटीनं फिरलात तर जपानी डेक दिसतात. घेताना मागची बाजू वाचा. इथे 240 व्होल्ट, 50 सायकल. कुणी अमेरिकेहून आणलेला डेक 120 व्होल्ट, 60 सायकलचा असतो. तो थेट सॉकेटमध्ये घातला तर धूर निघेल. ट्रान्सफॉर्मर लावला तरी व्होल्टेज बदलतं, सायकल बदलत नाही. ज्या जुन्या डेकची मोटर थेट विजेच्या सायकलवर फिरते, तो इथे सहाऐवजी पाच या प्रमाणात हळू चालेल. नंतरच्या बहुतेक डेकमध्ये डीसी मोटर आहे, त्यांना ही अडचण नाही.

खैरानच्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. समुद्र तुमच्या दारात आलाय, खाऱ्या पाण्याचे कालवे घरामागून जातात. आठवडाभर बंद शॅले, एसी बंद, आत उकाडा, आणि गुरुवारी रात्री आल्या आल्या एसी फुल. असा डेक शहरातल्या डेकपेक्षा लवकर म्हातारा होतो. खाऱ्या दमट हवेनं मागच्या जोडण्या आणि आतले स्विच काळे पडतात, मग एक बाजू वाजते, एक वाजत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत एसीच्या गाडीतून थंडगार डेक उतरवून लगेच सुरू करू नका. थंड धातूवर दव धरतं आणि ओली फीत चिकटते. दोन-तीन तास तसाच राहू द्या. 'तोझ' म्हणजे धुळीचं वादळ येऊन गेलं असेल, तर झाकण उघडून मऊ ब्रशनं झाडल्याशिवाय काही फिरवू नका. इथली धूळ म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. आणि हो, डेक खरंतर शॅलेत ठेवूच नये, पण हे सांगून कोण ऐकतो.

आता उघडूया. वायर भिंतीतून काढा, थोडा वेळ थांबा, मग स्क्रू.

आत पहिलं दिसेल ते पट्ट्यांचं डांबर. रबरी पट्टे वीस-तीस वर्षांनी एकतर सैल पडतात, नाहीतर वितळून काळा चिकट लगदा होतात. तो बोटाला लागला की तीन दिवस जात नाही, आणि बायकोच्या टेबलक्लॉथवरून तर कधीच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काड्या घेऊन पुलीवरून शेवटचा कण जाईपर्यंत पुसायचं. थोडा लगदा राहिला तर नवा पट्टा त्या जागी दर फेरीला उडी मारतो आणि गाण्यात थरथर येते. चपटा पट्टा जड चाकाचा, चौकोनी बहुधा रिळांचा किंवा आकडे मोजणाऱ्या काउंटरचा. जुना पट्टा ताणलेला असतो, त्यामुळे त्याच्या मापाचा नवा मागवू नका. किंचित लहान हवा. भाजीच्या जुडीचा रबरबँड लावून पाहिलेले लोक मला माहीत आहेत. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. तानपुरा समुद्रावर तरंगतोय असं वाटतं.

मग रबरी रोलर. तो काळा-मऊ हवा; चकाकत असेल आणि नखानं दबत नसेल तर बदला. त्याच्या शेजारची पोलादी काडी, कॅपस्टन, आरशासारखी स्वच्छ करा. फीत त्या दोघांच्या चिमटीतून सेकंदाला 4.76 सेंटिमीटर जाते, आणि फिलिप्सनं 1963 मध्ये कॅसेट आणली तेव्हापासून हा आकडा बदललेला नाही.

वेग जुळवणं त्या मानानं सोपं. 3150 हर्ट्झचा एकच सूर भरलेली चाचणीची कॅसेट मिळते. ती वाजवायची, डेक संगणकाला किंवा मोबाइलला जोडून आकडा बघायचा, आणि मोटरच्या मागच्या बारीक भोकात स्क्रूड्रायव्हर घालून तो आकडा आणायचा. 3213 दिसलं तर डेक दोन टक्के पुढे पळतोय. सहा टक्के पळाला तर पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये गातो, आणि आईचा आवाज मावशीसारखा वाटू लागतो.

आता खरा मुद्दा. हेडमध्ये एक अतिबारीक उभी फट असते आणि ती फितीला बरोबर काटकोनात हवी. 10 हजार हर्ट्झचा सूर फितीवर जेमतेम पावणेपाच मायक्रॉन जागा घेतो. मोनो पट्टी साधारण दीड मिलिमीटर रुंद. फट अंशाच्या सहाव्या भागाइतकी जरी कलली तरी पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेत जवळजवळ एका लहरीचा फरक पडतो, आणि तो सूर स्वतःलाच खोडून टाकतो. ऐकताना आवाज उशीतून आल्यासारखा येतो. 'स' आणि 'श' बोथट होतात. लोक म्हणतात, कॅसेट म्हातारी झाली. बहुतेक वेळा कॅसेटला काही झालेलं नसतं.

पुस्तकी पद्धत अशी: 10 हजार हर्ट्झची चाचणी-कॅसेट लावायची, डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनोत ऐकायची आणि हेडच्या बाजूचा रंग लावून बंद केलेला स्क्रू अगदी थोडा, घड्याळातल्या पाच मिनिटांइतका, फिरवत आवाज सगळ्यात स्पष्ट आणि मोठा होईल तिथे थांबायचं. स्क्रूड्रायव्हर चुंबक नसलेला हवा. स्क्रू मूळ कुठे होता त्याची खूण आधीच करून ठेवा.

पण घरच्या चिठ्ठीसाठी ही पद्धत पुरत नाही, आणि इथेच बरेच जाणकार चुकतात. ती कॅसेट भरली कुणी? चिपळूणच्या कुणाच्या टू-इन-वननं, ज्याचं हेड आधीच वाकडं होतं. म्हणजे आवाज फितीवर वाकडाच लिहिला गेलाय. तुमचा डेक कितीही सरळ असो, तो सरळ वाचेल आणि आवाज बोथट येईल. अशा वेळी हेड त्या कॅसेटला जुळवायचं, चाचणीच्या कॅसेटला नाही. आईचा 'स' कानाला खुसखुशीत लागेपर्यंत स्क्रू फिरवा, उतरवून घ्या, मग खुणेवर परत आणा. दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा.

वेगाचंही तसंच. सेल उतरलेल्या टू-इन-वनवर भरलेला आवाज इथे चिमण्यांसारखा पळतो. रेकॉर्डिंग विजेवर झालं असेल तर मागे बारीक गुणगुण असते, ती मदतीला येते. कुवेत आणि भारत दोन्हीकडे वीज 50 सायकलची. संगणकात ती गुणगुण 53 वर दिसली तर वेग त्या प्रमाणात उतरवा. मात्र आपल्याकडे त्या काळी ती नेमक्या पन्नासवर नसायची, 49 च्याही खाली जायची, त्यामुळे शेवटचा निर्णय कानाचा.

डॉल्बीचं बटण घरच्या कॅसेटला बंद. त्या यंत्रात डॉल्बी नव्हतंच, सुरू केलंत तर खरखरीबरोबर वरचे सूरही जातील. बायसचे प्रीसेट फक्त नव्यानं रेकॉर्ड करणाऱ्यांच्या कामाचे. उतरवून घ्यायचं असेल तर त्यांना हात लावू नका. मी असे डेक पाहिलेत ज्यांचा प्रत्येक प्रीसेट कुणीतरी उत्साहानं फिरवला होता, आणि मग ते मूळ जागी आणायला महिना गेला.

शेवटी कॅसेटच. काठावरचे प्लास्टिकचे दोन्ही कान मोडलेले नसतील तर आधी मोडा, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणं हा सगळ्यात स्वस्त अपघात आहे. फीत दाबणारा मखमली तुकडा गळून पडला असेल तर पाच स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटमध्ये दोन्ही रिळं हलवा. कोकणातून आलेल्या कॅसेटच्या खिडकीतून आत पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालायचीच नाही. तोंडाला मास्क लावून, उघड्या हवेत कोरड्या मऊ कापडानं आधी स्वच्छ करायची. ओव्हनमध्ये मात्र काहीही घालू नका.

मग पेन्सिल. दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवून फीत मोकळी होते का बघा. झाली की डेकमध्ये लावा, संगणकावर 48 हजार हर्ट्झ, 24 बिट ठेवा आणि खरखर काढायच्या भानगडीत न पडता आधी जशी आहे तशी उतरवा. पहिल्याच फेरीत.