बाळाचं रडणं थांबवणारी बाटली : व्हिक्टोरियन काळातल्या ‘पेटंट’ औषधांची गोष्ट

ग्राइप वॉटर म्हणजे काय, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. बाळाचं पोट दुखलं की आजी आधी त्याच बाटलीकडे बोट दाखवते. हे औषध मूळचं इंग्लंडच्या नॉटिंगहॅम शहरातलं. विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने ते १८५१ मध्ये बनवलं. त्यात बाळंतशेपेचं तेल होतं, खाण्याचा सोडा होता, साखर होती आणि थोडं अल्कोहोलही होतं.

तान्ह्या बाळाला अल्कोहोल, हे वाचून दचकलात ना? पण त्या काळात बाळांना जे काही पाजलं जायचं, त्यापुढे वुडवर्डचं औषध फारच सौम्य म्हणायला हवं.

कारण त्याच नॉटिंगहॅममध्ये घरोघरी एक दुसरी बाटली असायची. तिचं नाव ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’. आणि तिच्यात असायची अफू.

काकवी, मसाले आणि अफू

नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्यांचं शहर. तिथल्या बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत लेसवर काम करायच्या आणि जेवढं काम तेवढेच पैसे मिळायचे. मूल रडत राहिलं तर काम थांबणार आणि काम थांबलं तर चूल थांबणार. मग बाळाला चमचाभर गॉडफ्रीज पाजलं की ते तासन् तास झोपून राहायचं. लहान मुलांच्या मजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाच्या १८४३ च्या अहवालात याच्या साक्षी नोंदवलेल्या आहेत.

हे औषध म्हणजे काकवी, पाणी, थोडे मसाले आणि अफूचा अर्क. ते एका ठरावीक कंपनीचं नव्हतं. प्रत्येक दुकानदार आपापल्या अंदाजाने बनवायचा, त्यामुळे एका दुकानातल्या चमचाभर औषधात जेवढी अफू, तेवढीच दुसऱ्या दुकानातल्या चमच्यात असेल याची खात्री नव्हती. त्यात अफू बाटलीच्या तळाशी बसायची. बाटली न हलवता दिली तर शेवटचे चमचे सगळ्यात जहाल ठरायचे.

काही बाळं जास्त मात्रेने जायची. पण त्याहून जास्त मुलांचा जीव हळूहळू जायचा. सतत गुंगीत असलेलं बाळ रडत नाही आणि रडत नाही म्हणून दूधही मागत नाही. ते सुकत जायचं आणि मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिलं जायचं ‘अशक्तपणा’. अफूचं नाव कुठेच यायचं नाही.

हे फक्त इंग्लंडमध्येच घडलं असं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकाही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामावर जाताना तान्ह्या बाळांना अफूची गोळी द्यायच्या. देश वेगळा होता, पण कामाचे तास आणि नाइलाज तोच होता.

लोकांना कळत नव्हतं का?

आज हे वाचताना ‘काय अडाणी लोक होते’ असं वाटू शकतं. पण थोडं थांबा.

त्या काळात डॉक्टरची फी मजुराच्या आवाक्याबाहेर होती. आणि फी परवडली तरी डॉक्टर काय द्यायचा? बऱ्याचदा पाऱ्यापासून बनवलेलं कॅलोमेल, नाहीतर शरीरातून रक्त काढण्याचा सल्ला. त्या मानाने अफूचा परिणाम डोळ्यांना दिसायचा. ती खोकला दाबते, जुलाब थांबवते, वेदना कमी करते आणि झोप आणते. आजार बरा होत नसला तरी माणसाला आराम पडायचा.

श्रीमंत घरंही यात मागे नव्हती. इझाबेला बीटन यांचं ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ हे १८६१ मध्ये आलेलं पुस्तक इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय गृहिणींचं लाडकं. घरात कोणती औषधं असावीत याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत अफूची पूड आणि अफूचा अर्क, म्हणजे लॉडनम, दोन्ही आहेत.

‘पेटंट’ म्हणजे नेमकं काय?

खरी गंमत इथे आहे. या औषधांना ‘पेटंट औषधं’ म्हणायचे, पण त्यातल्या बहुतेकांचं पेटंट कधी घेतलंच गेलं नव्हतं. पेटंट हवं असेल तर औषधात काय आहे ते जाहीर करावं लागतं. विक्रेत्यांना नेमकं तेच नको होतं. त्यांना नाव जपायचं होतं आणि पाककृती लपवायची होती.

वर आणखी एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. १७८३ पासून ब्रिटिश सरकार अशा औषधांवर कर घेत होतं आणि कर भरल्याची खूण म्हणून बाटलीवर किंवा डबीवर सरकारी तिकीट चिकटवलं जायचं. हे तिकीट फक्त कराचं होतं. पण गिऱ्हाईकाला वाटायचं, सरकारचा शिक्का आहे म्हणजे सरकारने तपासलेलं औषध आहे. विक्रेते हा गैरसमज कशाला दूर करतील?

भारतात जन्मलेलं औषध

या बाजारातलं एक मोठं नाव थेट भारतात तयार झालं. जॉन कॉलिस ब्राउन हे भारतात नेमणुकीवर असलेले ब्रिटिश लष्करी डॉक्टर. १८४८ च्या सुमारास त्यांनी कॉलऱ्यावर एक मिश्रण बनवलं आणि नाव दिलं ‘क्लोरोडाइन’. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होतं. पुढे जॉन डेव्हनपोर्ट या औषध उत्पादकाने ते इंग्लंडमध्ये विकायला सुरुवात केली. कॉलऱ्यापासून साध्या खोकल्यापर्यंत सगळ्यावर ते चालतं, अशा जाहिराती झळकल्या. अनेकांना त्याचं व्यसन लागलं.

१८६८ मध्ये ब्रिटनमध्ये फार्मसी कायदा आला. अफू फक्त नोंदणीकृत औषधविक्रेत्यानेच विकायची आणि तिच्यावर ‘विष’ असं लिहायचं, असा नियम झाला. लहान मुलांचे अफूने होणारे मृत्यू पुढच्या काळात कमी झाले. पण कायद्यात एक पळवाट ठेवली होती. पेटंट औषधांना यातून सूट होती! म्हणजे सुटी अफू ‘विष’ आणि तीच अफू छान नावाच्या बाटलीत घातली की ‘औषध’.

ही पळवाट बुजायला २४ वर्षं लागली. १८९२ मध्ये याच क्लोरोडाइनवरून डेव्हनपोर्टवर खटला झाला. ज्या औषधाचं खरोखर पेटंट घेतलेलं आहे त्यालाच सूट, फक्त नावापुरत्या ‘पेटंट’ औषधाला नाही, असा अर्थ त्यातून निघाला. क्लोरोडाइनच्या बाटलीवर ‘विष’ हा शब्द आला.

साबण आणि सुंठेचा धंदा

अफू नसलेल्या औषधांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बाजारातली गुप्त औषधं तपासून ‘सिक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढलं. ‘बीचम्स पिल्स’ या तुफान खपाच्या गोळ्या एका डबीत ५६ यायच्या आणि डबीची किंमत होती एक शिलिंग दीड पेनी. त्यातला दीड पेनी कराचा. गोळीत काय निघालं? काळा बोळ, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या सामानाचा खर्च अर्धा फार्दिंग. म्हणजे विक्रीची किंमत सामानाच्या शंभरपटीहून जास्त. आणि जाहिरातीत काय लिहिलेलं असायचं? ‘एका डबीचं मोल एक गिनी’, म्हणजे चक्क २१ शिलिंग.

यानंतर संसदेने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९१४ च्या ४ ऑगस्टला आला. त्याच दिवशी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं आणि अहवाल बाजूला पडला. औषधात काय आहे ते वेष्टनावर छापण्याची सक्ती ब्रिटनमध्ये झाली ती थेट १९४१ च्या कायद्याने. ते जुनं करतिकीटही तेव्हाच बंद झालं.

यातून आपण काय घ्यायचं?

नॉटिंगहॅमच्या त्या आईला आपण काय पाजतोय हे नीट कळायला मार्गच नव्हता. बाटलीवर नाव होतं, स्तुती होती, सरकारी तिकीटही होतं. फक्त आत काय आहे आणि किती आहे, तेवढंच लिहिलेलं नव्हतं.

आपल्याला तो मार्ग आहे. आपल्याकडे १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग असे आजार हमखास बरे करतो, अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही व्हॉट्सॲपवर ‘गुप्त फॉर्म्युला’, ‘शंभर टक्के गुण’, ‘सरकारमान्य’ असे मेसेज रोज फिरतातच.

असा मेसेज आला की पुढे पाठवायच्या आधी एकच प्रश्न विचारा : यात आहे काय आणि किती? उत्तर म्हणून ‘ते आमचं गुपित आहे’ असं ऐकू आलं, तर ते औषध घरात आणू नका. बाळासाठी तर नाहीच नाही.