तोच पॅक-मॅन, झेडएक्स स्पेक्ट्रमवर

पॅक-मॅनमधलं पिंकी हे गुलाबी भूत पॅक-मॅनच्या पुढची चार घरं हेरून तिकडे धावतं. पॅक-मॅन वर निघाला असेल, तर मात्र त्याचा नेम चार घरं वर आणि शिवाय चार घरं डावीकडे असा सरकतो. 1980 साली नामको कंपनीच्या प्रोग्राममध्ये राहून गेलेली ही चूक आहे, आणि मुरलेले खेळाडू आपले मार्ग आखताना ती हिशेबात धरतात. खेळ नुसता बघून नव्याने लिहिला, तर नेमक्या अशाच गोष्टी निसटतात. चित्रं जमतात, पण खेळणाऱ्याच्या हाताला खेळ परका लागतो.

झेडएक्स स्पेक्ट्रम या 1982 च्या ब्रिटिश घरगुती संगणकासाठी हौशी मंडळींनी म्हणून वेगळी वाट काढली. खेळ पुन्हा लिहायचाच नाही, आर्केड यंत्रातला 16 किलोबाइटचा मूळ प्रोग्रामच स्पेक्ट्रमवर चालवायचा. हे शक्य होतं, कारण दोन्हींत झेड80 हाच प्रोसेसर आहे. आर्केडमध्ये तो 3.072 मेगाहर्ट्‌झवर चालतो, स्पेक्ट्रममध्ये 3.5 वर. सूचना समजण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण आहे ती प्रोसेसरच्या भोवतीच्या यंत्राची. प्रोग्रामला आपण परक्या घरी आलोय हे कळू न देणं, एवढंच काम. पण ते चिवट आहे.

पहिली अडचण जागेची. मूळ प्रोग्राम मेमरीच्या शून्याव्या पत्त्यापासून बसलेला असतो, आणि साध्या स्पेक्ट्रममध्ये तिथे त्याची स्वतःची रॉम असते. ती हलवता येत नाही. त्यापुढचा हेक्स 4000 हा पत्ता आर्केडमध्ये पडद्यावरच्या टाइल्सच्या, म्हणजे चित्राच्या छोट्या चौकोनांच्या, यादीचा, तर स्पेक्ट्रममध्ये थेट पडद्यावरच्या ठिपक्यांचा. 1987 च्या +3 मॉडेलने ही कोंडी फुटते. त्यात रॉम बाजूला सारून पूर्ण 64 किलोबाइट रॅम मांडता येते, आणि पडद्याची मेमरी प्रोसेसरच्या नजरेआड असली तरी चित्र दिसत राहतं. आता प्रोग्राम आपल्या सवयीच्या पत्त्यांवर बिनदिक्कत लिहितो. ते वाचून चित्र काढण्याचं काम हौशी प्रोग्रामरच्या कोडचं.

चित्र हाच सगळ्यात जड भाग. आर्केडला चित्र काढावं लागत नाही. ‘या घरात अमुक टाइल, या जागी अमुक भूत’ एवढं लिहिलं, की बाकीचं हार्डवेअर करतं. स्पेक्ट्रममध्ये तसं हार्डवेअरच नाही, ठिपका न् ठिपका प्रोसेसरने ठेवायचा. त्यात आर्केडचा पडदा उभा, 224 बाय 288. स्पेक्ट्रमचा आडवा, 256 बाय 192. चक्रव्यूहाच्या ओळी 31. टाइल 8 ऐवजी 6 ठिपक्यांची केली, तर 186 ठिपक्यांत चक्रव्यूह मावतो आणि गुणफलक बाजूला जातो. मग टाइल्सची आधीची यादी जपून ठेवायची आणि ताज्या यादीशी ताडून फक्त बदललेली घरं रंगवायची. सगळी यादी एकदम ताडायला वेळ पुरत नाही, म्हणून तुकड्यातुकड्याने. भुतांसाठी खालचं चित्र जपायचं, भूत काढायचं, पुढच्या फेरीत ते पुसून पुन्हा काढायचं. रंगांत तडजोड अटळ आहे: स्पेक्ट्रम 8 बाय 8 च्या चौकोनात दोनच रंग देतो, आणि 6 ठिपक्यांच्या टाइल्स त्या चौकोनांत नीट बसत नाहीत.

मग प्रश्न वेगाचा. आर्केडमध्ये प्रोसेसरला सेकंदाला सुमारे 60 इंटरप्ट, म्हणजे ठरावीक वेळाने हातचं काम थांबवणाऱ्या हाका, येतात आणि खेळाची चाल त्यांच्यावर बांधलेली असते. स्पेक्ट्रममध्ये येतात 50. तसंच जोडलं तर खेळ सहाव्या हिश्शाने संथ होईल. त्यावर उपाय म्हणजे दर पाच फ्रेममागे खेळाला एक जादा इंटरप्ट द्यायचा. आवाजाचं त्या मानाने सोपं. दोन्हीकडे तीन स्वर आहेत, फक्त आर्केडचा गोलसर नाद स्पेक्ट्रमच्या एवाय या ध्वनिचिपवर थोडा रुक्ष होतो.

तरीही मूळ प्रोग्रामला थोडा हात लावावा लागतोच. उदाहरणार्थ, हेक्स 5000 हा पत्ता वाचला तर जॉयस्टिकची स्थिती मिळते, आणि तिथेच लिहिलं तर इंटरप्ट चालू-बंद होतात. साध्या रॅममध्ये एका पत्त्यावर अशी दोन कामं राहू शकत नाहीत, लिहिलेलंच परत वाचलं जाईल. म्हणून ते लिखाण गाळायचं. पण एक बाइट जरी बदलला, तरी सुरुवातीला मूळ प्रोग्रामच्या बाइटांची बेरीज तपासणारी त्याचीच चाचणी अडते. मग तीही वगळायची.

इथे फार जपून हात चालवावा लागतो. मोठी गोळी खाल्ल्यावर निळी पडलेली भुतं वळणावर कुठे वळतील, हे यदृच्छ संख्येवर ठरतं, आणि ती संख्या प्रोग्राम स्वतःच्याच पहिल्या 8 किलोबाइटमधला एखादा बाइट उचलून मिळवतो. त्या भागातला बाइट बदलला, की कधीतरी एखादं निळं भूत डावीकडे वळायचं ते उजवीकडे वळू शकतं, आणि पाठ केलेला मार्ग तिथे मोडतो. म्हणून दुरुस्त्या शक्य तितक्या कमी ठेवायच्या, आणि जमेल तिथे बदललेल्या बाइटचे शेवटचे दोन बिट पूर्वीसारखेच येतील असं बघायचं. दिशा त्या दोन बिटांवरच ठरते.